शीलाच्या मशीनवरची हिरवी टेकडी

१२ एप्रिल, शुक्रवार

ही डायरी अजिनाथच्या कंपनीनं दिवाळीला वाटली. अजिनाथ माझा ल्योक, वाळूजला कामाला हाय. दर पानावर तारीख छापलेली अन् खाली बारीक इंग्रजी. ते मला कळत नाय म्हणून मी त्याच्यावरूनच लिहिते. माझी शाळा तिसरीपर्यंत. मग मेंढरांमागं गेले, अन् लगीन होऊन बिडकीनकडं गेले तरी मेंढरांमागंच राहिले. माझं अक्षर बघून सायली, माझी नात, म्हणती, "आजी, वहीवरून कोकरू चालून गेलंय का गं?" पण वही तिनंच हातात दिली. म्हणली, "तुझं सगळं बोलणं ऐकायला घरात कुणाला फुरसत नाय. वहीला सांग, ती मधेच उठून जात नाय."

आज नळ आला. आठवडा उलटून गेल्यावर आला. भगुनी, बादल्या, डबे, देवाचा तांब्या, जे हाती लागलं ते भरलं. कंबर पार बसली. मी पाटावर टेकते ना टेकते तोच आतून शीलाचा आवाज, "मेलं का काय हे!" शीला माझी सून. मला वाटलं पाल पडली. जाऊन बघते तर मशीन. म्हंजे कंप्युटर.

शीला घरी बसून मराठी टाइप करती. क्रांती चौकाकडं मोतीरामभाऊंचा छापखाना हाय. ते कागद देतात, ही टाइप करून देती. आता एका रिटायर गुर्जींचं पुस्तक आलंय, त्यांच्या गावाबद्दल, सगळं हातानं लिहिलेलं, भलं मोठं गाठोडं. जून लागायच्या आत द्यायचं. वेळेवर दिलं तर पुढची पुस्तकं पण मोतीरामभाऊ हिलाच देणार. नाय दिलं तर पलीकडच्या गल्लीत एक बाई टपूनच बसलीय, असं शीला म्हणती. अन् मशीन असं की सुरू व्हायलाच इतकं रखडतं, तेवढ्यात माझ्या भाकरी थापून होतात. मधेच थिजून बसतं, ते शीलानं कितीबी बोल लावले तरी हलत नाय.

मला त्यातलं काय कळत नाय, पण मशीनवर एक टेकडी दिसती ती लई आवडती. हिरवीगार टेकडी, वर निळं आभाळ. शीला क्लासला जायची तिथल्या मशीनवर तीच व्हती, म्हणून तिनं घरी पण लावून घेतली. मी येता-जाता बघते. एवढं गवत अन् एक मेंढरू नाय! कुणाचं रान हाय देव जाणे. यंदा आमच्याकडं जनावरानं तोंड लावावं असं एक पातं राहिलं नाय.

१५ एप्रिल, सोमवार

सायलीबरोबर भिकनच्या दुकानात गेले. भिकन कंप्युटर दुरुस्त करतो. माझं काय काम नव्हतं, पण घरात बसून भिंती तापल्या व्हत्या. रिक्षात उन्हाच्या झळा तोंडावर अशा, जसं कुणी चुलीचं तोंड आपल्याकडं फिरवलंय.

भिकननं मशीन उघडलं, फुंकर मारली, धुरळा माझ्याच पदरावर आला. म्हणला, "आजी, ये बुढ्ढा हो गया. विंडोजचं नवं याच्यात बसत नाय. जुनं पुढल्या वर्षी कंपनीच बंद करणार. नवीन मशीन घेऊन टाका."

सायली म्हणली, "मशीन हेच ठेवायचं, भिकनभाऊ. यात लिनक्स टाकते."

"कुणासाठी? आईसाठी? जमंल का त्यांना?"

"सोपं बघूनच टाकणार."

"मग उबुंटू टाक. सगळे तेच टाकतात."

"सगळ्यांचं मशीन एवढं म्हातारं नसतं."

येताना मी विचारलं, हे विंडोज अन् लिनक्स म्हंजे काय. ती म्हणली, "आजी, मशीन म्हंजे घर. विंडोज त्याचा कारभारी. घर तेच ठेवायचं, कारभारी बदलायचा. अन् नवा फुकट मिळतो." आता हे मला काय पटलं नाय. फुकट राबणारा माणूस घरात घ्यायचा म्हंजे त्याचं मन कशावर हाय ते आधी बघावं. हे बोलले तर सायली भर रस्त्यात इतकी हसली की रिक्षावाला पण हसायला लागला, त्याला काय कळलं कुणास ठाऊक. तिचं हसणं कानावर आलं की माझी कंबर दुखायची थांबती. लई गुणाची पोर.

शहर काय वाढलंय! अन् तिकडं बिडकीनला आमचा वाडा, म्हंजे मेंढरं बसवायची जागा, जिथं असायची तिथून आता रुंद रस्ता गेलाय. रात्रभर दिवे जळतात म्हणं, अन् रस्त्यावर कुत्रं पण नसतं. चरायला रान उरलं नाय, विहीर आटली, तेव्हा मेंढरं धाकट्या दिराच्या, कडुबाच्या हवाली केली अन् मी इथं आले. तेव्हा मी काही दिवस अन्न घेतलं नव्हतं. उगं आपलं. घास वर जायचा नाय. पण घरच्यांनी त्याची अशी धास्ती घेतली की अजून काही सांगायचं असलं की आधी माझ्या ताटाकडं बघतात.

२१ एप्रिल, रविवार

सायली दिवसभर मोबाइलमध्ये डोकं घालून लिनक्स निवडती. मला वाटलं व्हतं लिनक्स एक असंल. कसलं! मेंढरांच्या बाजारात आल्यागत नुसता कळप. कुणी म्हणतं हे घ्या, कुणी म्हणतं ते घ्या, अन् एकमेकांशी भांडतात. ती मला वाचून दाखवती अन् आम्ही दोघी हसतो. पण एक गोष्ट मनाला लागली. तिची एकच अट. सोपं पाहिजे.

"ज्याला कायच येत नाय त्याला पण जमलं पाहिजे, आजी. उगं काही विचारत बसायला नको. अन् मी घरात नसले तरी अडायला नको."

मी म्हणलं, "तू कुठं जाणार हायेस? कॉलेज तर झालं की."

ती उठली. तेलाची बाटली आणली अन् माझ्या डोक्याला चोळत बसली. लई दिवसांनी.

मला रात्री चैन पडेना. एवढी हुशार पोर, कंप्युटरचंच शिकली, अन् सोपं सोपं काय शोधती? शेवटच्या परीक्षेत कमी पडली का काय? हल्ली फोन आला की गच्चीवर जाऊन बोलती. येती तेव्हा तोंड लाल झालेलं, अन् आईकडं बघून मान हलवती. शीलाला विचारलं तर ती म्हणली, "काय नाय आत्या, तुम्ही जेवा." जेवणाचं काय विचारलं व्हतं मी?

२ मे, गुरुवार

आठवडाभर आमच्याकडं पाहुणे येऊन गेले, अन् घरात मी अन् सायली सोडून कुणाला पत्ता नाय! सांगते. पेन ड्राइव्ह म्हणून बोटाएवढी वस्तू असती, तिच्यात लिनक्स भरून आणायचं अन् मशीनला लावायचं. तो नुसता पाहुण्यासारखा येऊन बसतो. चालतो कसा, बोलतो कसा ते आपण बघायचं. काढून घेतला की गेला, घरातलं काय हलवत नाय. मी म्हणलं, हे तर आमच्यातलंच झालं. वाडा हलवायच्या आधी एक जण पुढं जातो, तिथलं पाणी पिऊन बघतो, जागेवर बसून बघतो, मग मेंढरं नेतात. सायली म्हणली, "अगदी तेच." मला काय आनंद झाला! जणू मीच लिनक्स काढलंय.

शीला टँकरच्या रांगेत गेली की आम्ही बसायचो. आधी उबुंटू आला. रुबाबदार, मोठमोठी चित्रं. पण आमच्या म्हाताऱ्या मशीनला झेपंना, ते धापा टाकायला लागलं. मग झोरिन. तो देखणा, विंडोजचा चुलतभाऊच शोभावा. मला तोच आवडला, पण थोड्या वेळानं तो पण अडखळाय लागला. शेवटी मिंट, त्यातला पण हलका प्रकार. मिंट म्हंजे पुदिना, सायली सांगती. दिसायला साधा, पण पटकन उठला. बोलावलं की लगेच ओ देतो. सगळं जुन्यासारखं खालच्या कोपऱ्यात.

सायलीनं मलाच बसवलं. "आजी, बंद करून दाखव. मी सांगणार नाय."

मशीनवरचा बाण कुठंच्या कुठं पळायचा. पण खालचा कोपरा दाबला, शोधलं, अन् झालं बंद! मी टाळ्या पिटल्या. सायलीनं माझा मुका घेतला अन् म्हणली, "तुला जमलं म्हंजे कुणालाबी जमंल." यात माझं कौतुक हाय का काय ते मला अजून ठरवता आलं नाय.

शीलाची बोटं जुन्या टाइपरायटरच्या अक्षरांच्या मांडणीवर बसलेली, ती मांडणी पण सायलीनं मिंटात शोधून काढली अन् तपासून बघितली. शीलानं केलेलं सगळं काम आधी दुसऱ्या पेन ड्राइव्हवर काढून घेतलं. आता फक्त शीलाला सांगायचं राहिलं.

१० मे, शुक्रवार

आज अक्षय तृतीया. पितरांची घागर भरली ती टँकरच्या पाण्यानं. मनात त्यांची माफी मागितली. असं गढूळ पाणी त्यांनी पण कधी मेंढरांना पाजलं नसंल.

चांगला दिवस हाय, आजच नवं बसवू, असं आमचं ठरलं व्हतं. नवी वस्तू घरात घ्यायची अन् तिला हळद-कुंकू लावायचं नाय, हे मला कसं चालंल? सायली अंघोळीला गेली तेव्हा पेन ड्राइव्ह पाटावर ठेवली. पाणी शिंपडलं. हळद, कुंकू, वर दोन अक्षता. तिचं ते पत्र्याचं तोंड पुढं व्हतं, तिथंच बोट टेकवलं. चांगलं दोनदा.

सायलीनं लावून बघितलं तर पाहुणा येईचना. काढून बघती अन् किंचाळली, "आजी! तोंडातच भरलंस?"

मी म्हणलं, "टिळा कपाळाला लावतात ते म्हाईत हाय. पण याचं कपाळ कुठं असतं ते तू शिकवलंस का?"

ती खाली बसून हसत सुटली, मी पण. अन् तेवढ्यात शीला दारात. हातात हंडा, पदर ओला, चेहरा असा की बघवंना. लाल-पिवळी पेन ड्राइव्ह बघितली, मशीन बघितलं, सगळं तिच्या ध्यानात आलं.

"माझ्या मशीनला हात लावायचा नाय," ती म्हणली. आवाज चढवला नाय, तेच वाईट. "मागं असंच एकानं नवं टाकून दिलं अन् माझं सगळं काम पुसून गेलं. तवा किती रडले ते म्हाईत नाय का तुला? आता पाणी भरू, का स्वयंपाक करू, का नवं शिकू? माझ्यात दम नाय राहिला, सायली. नवं टाकलं तर मी त्याच्यापुढं बसणार नाय."

सायली म्हणली, "आई, मग मी कशी..." अन् तिथंच थांबली. माझ्याकडं बघितलं अन् थांबली.

संध्याकाळी पुरणपोळी कुणालाच गोड लागली नाय. मी मात्र दोन खाल्ल्या, कारण सगळे माझ्या ताटाकडं बघत व्हते.

१३ मे, सोमवार

मतदान करून आले. बोटाची शाई शीलाच्या पिठाला लागली म्हणून बोलणी खाल्ली. शीलाचं मशीन परवापासून तर फारच. एक पान लिहिलं की थिजतं. गुर्जींचं गाठोडं अर्ध्यावर पण आलं नाय. ती कपाळाला हात लावून बसती, पण नव्याचं नाव काढू देत नाय.

दुपारी सायली माझ्या शेजारी आडवी झाली. तिला बरं वाटावं म्हणून मी कोकराची गोष्ट सांगितली. एखाद्या कोकराची आई मरती. दुसरीला दूध असतं, पण ती परक्या कोकराला जवळ घेत नाय, लाथ मारती. तवा काय करायचं? तिचंच दूध काढायचं अन् कोकराच्या शेपटीला, पाठीला माखायचं. मेंढी वास घेती. आपलाच वास येतो. मग उभी राहती अन् पिऊ देती.

सायली उठून बसली. "आपलाच वास," म्हणली. मशीनकडं बघत राहिली. टेकडीकडं.

मी म्हणलं, "अन् एक. मेंढीनं एकदा कोकरू घेतलं की मेंढक्यानं तिथं उभं राहायचं नाय. आपण जवळ असलो की ती आपल्याकडंच बघत राहती. लांब जायचं. मनाला किती वाटलं तरी लांब जायचं."

हे ऐकल्यावर पोरीचे डोळे भरून आले अन् ती आत निघून गेली. आई मेलेल्या कोकराचं ऐकून वाईट वाटलं असंल. लहानपणापासून हळवीच हाय. मी उगं सांगितलं.

१९ मे, रविवार

आज झालं! लिहायला बोटं शिवशिवतायत, पण आवाज करायचा नाय.

शीलाच्या बहिणीकडं बजाजनगरला हळदीचा कार्यक्रम व्हता. शीला सकाळीच गेली. सायलीनं दार लावून घेतलं, नवी पेन ड्राइव्ह (मला तिच्या जवळ जाऊ दिलं नाय) लावली अन् मिंट बसवला. मग मेंढीचं दूध माखायला बसली. तीच हिरवी टेकडी लावली. आईच्या सगळ्या वस्तू जिथल्या तिथं मांडल्या, ज्या कोपऱ्यात जे व्हतं त्याच कोपऱ्यात. अक्षराचा आकार तोच. आईचं काम परत आणून ठेवलं अन् लिहायचं पान उघडूनच ठेवलं, म्हंजे सुरू करताना वेगळं दिसायला नको. मी शेजारी बसून वारा घालत व्हते, कारण लाइट गेली तर काय, या काळजीनं तिला घाम फुटला व्हता.

शीला दुपारी परत आली. दमून. तोंड धुतलं, मशीनपुढं बसली. आम्ही दोघी लसूण सोलायला लागलो. एवढा लसूण कशाला लागतो ते तिनं विचारलं नाय. तिनं एकदा टेकडीकडं बघितलं. एकदा सायलीकडं बघितलं. मग कागद जवळ ओढला, अन् टकटक सुरू झाली. थांबलीच नाय. दिवे लागेपर्यंत टकटक. लाथ मारली नाय!

सायलीनं माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली.

२६ मे, रविवार

आज टँकरच्या रांगेत शेजारच्या आवडाबाई म्हणल्या, "सायलीचं पुण्याचं पक्कं झालं म्हणं. चांगली नोकरी हाय. जूनमधीच जाणार ना?"

मी म्हणलं, "व्हय व्हय. जूनमधीच."

हंडा कधी भरला, पाणी वरून कधी वाहिलं, मला कळलं नाय. मागची बाई ओरडली, "ओ आजी, पाणी सांडतंय, पाणी!"

घरी येऊन बसले. मग एकेक जागेवर बसलं. गच्चीवरचे फोन. सोपं पाहिजे. मी घरात नसले तरी अडायला नको. मलाच मशीनपुढं बसवलं ते का. तेल का चोळलं. अन् मी बाई म्हणत व्हते, परीक्षेत कमी पडली का काय.

सगळ्यांना म्हाईत. आवडाबाईंना म्हाईत. मला सांगितलं नाय, कारण घरची म्हातारी, म्हंजे मी सखूबाई, जेवायची थांबंल.

२८ मे, मंगळवार

आज मनात जे आलं ते लिहू का नको, असं झालंय. पण वही उठून जात नाय, म्हणून लिहिते.

आईचं मशीन नीट चालल्याशिवाय सायली जाणार नाय. शीलाची शपथ हाय की नव्यापुढं बसणार नाय. म्हंजे मी शीलाला एवढंच सांगायचं, बाई गं, हे जुनं नाय, तुझ्या पोरीनं तुला फसवलं. एवढंच. शीला उठंल, सायली राहील. माझ्या डोक्याला तेल लावील. भर रस्त्यात हसंल.

दुपारी घरात आम्ही दोघीच. शीला टकटक करत व्हती. मी तिच्या मागं जाऊन उभी राहिले. टेकडी दिसत नव्हती, पानंच पानं दिसत व्हती, गुर्जींचं गाव भराभर खाली सरकत व्हतं. मी तोंड उघडलं.

शीला न बघताच म्हणली, "काय, आत्या?"

"चहा घेतीस का?"

"घेते की."

चहात साखर टाकायची राहिली. ती तसाच प्याली.

३१ मे, शुक्रवार

गुर्जींचं पुस्तक आज छापखान्यात गेलं. मोतीरामभाऊंनी दुसरं गाठोडं दिलं, याच्याहून मोठं. शीलानं ते दारातच माझ्यापुढं धरलं, जणू लेकरू दाखवती. किती दिवसांनी तिला असं बघितलं.

जेवताना आम्ही दोघीच व्हतो. ती म्हणली, "आत्या, एक सांगू? मशीन बदललंय ते मला पहिल्याच दिवशी कळलं."

माझा घास हातातच राहिला.

"अहो, जुनं कधी एवढं पळत व्हतं का? अन् तुम्ही दोघी लसूण सोलत बसलेल्या. अख्ख्या गल्लीला पुरंल एवढा."

"मग बोलली का नाहीस? शपथ घेतली व्हतीस ना?"

ती भाकरी मोडत राहिली. "बोलले असते तर ती राहिली असती. म्हणली असती, आईला जमत नाय. पोरीनं टेकडीसुद्धा तीच लावली, आत्या. तेवढ्यासाठी तरी बसावंच लागलं."

मग शीला हळूच म्हणली, "तुम्हाला पण कळलंय ना?"

"कळलंय."

तिनं माझ्या ताटाकडं बघितलं. मी टोपल्यातली अजून एक भाकरी घेतली. भूक नव्हती. सगळी खाल्ली.

७ जून, शुक्रवार

काल सायली माझ्यापुढं बसली अन् "आजी, मला तुला काही सांगायचं..." असं सुरू केलं. मी म्हणलं, "पुण्याला ना? धपाटे करून देते, दोन दिवस टिकतात. दह्यासंगं खा." ती बघतच राहिली. मग माझ्या मांडीत डोकं घातलं. अजिनाथ दारात उभा व्हता, तो पण तोंड फिरवून चपला शोधायला लागला. चपला पायातच व्हत्या.

आज दुपारच्या गाडीनं गेली. मी स्टँडवर गेले नाय. सगळे म्हणले, चला ना, चला ना. मी म्हणलं, उन्हाचं सोसत नाय. निघताना सायलीनं विचारलं, "आजी, खरंच उन्हासाठी?" मी म्हणलं, "मेंढक्यानं कुठं उभं राहायचं नाय ते तुला सांगितलंय ना मी?" ती वाकून पाया पडली अन् कानात म्हणली, "उद्या मशीन तू सुरू कर. आईला सांगू नको. तूच कर."

घर लई मोठं झालंय. रात्री जेवले.

८ जून, शनिवार

अजिनाथ ड्युटीला, शीला छापखान्यात. सकाळी नळ आला व्हता, सगळं भरून मी एकटीच थकून बसले व्हते. उठायचं जिवावर आलेलं. पण पोरीनं सांगितलं व्हतं.

बटण दाबलं. हात पुसून घेतले आधी, हळद नव्हती तरी. पटकन उठलं मशीन. हिरवी टेकडी आली.

अन् गवतावर एक मेंढरू.

मी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. मेंढरूच. पांढरं, एवढंसं, टेकडीच्या मधोमध. काल-परवापर्यंत नव्हतं. खाली मोठ्या मराठी अक्षरात लिहिलेलं, सायली.

बाण न्यायला लई वेळ लागला. दोनदा आभाळात गेला. मग मेंढरावर नेला अन् दाबलं. घंटी वाजली, अन् टेकडी जाऊन तिथं माझी पोर आली. केस ओले, मागं कुणाची तरी परकी भिंत.

"आजी! मला वाटलंच, तुला सापडंल. जेवलीस का?"

म्हणलं, "जेवले. तू आधी सांग, तिथं नळ रोज येतो का?"

"रोज येतो, आजी."

"मग डोकं रोज धूत बसू नको. सर्दी होईल."

ती हसली. तेच, रस्त्यातलं हसू. मग तिला कामासाठी काहीतरी आणायला जायचं व्हतं, ती गेली. परत टेकडी आली, अन् मेंढरू तिथंच उभं. मी त्याच्याकडं बघत बसले, शीला येऊन भाकरी टाकायची वेळ झाली तरी. मशीन बंद करायचं मला येतं, पण आज केलं नाय. असू दे म्हणलं. गवत बक्कळ हाय, चरू दे.